स्कर्टिंगची लाकडी पट्टी बदलताना

भिंतीच्या तळाशी फरशीला लागून बसवलेली जुनी पट्टी (स्कर्टिंग) काढताना पटाशी एकदम घुसवू नये. आधी पट्टी आणि भिंत यांमधली रंगाची रेघ कटरने कापून घ्यावी आणि पटाशीमागे प्लायचा तुकडा धरून हळूहळू उचलावे, नाहीतर पट्टीबरोबर हातभर पुट्टीही निघून येते, जशी माझ्या पहिल्या खोलीत आली होती.

आपल्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो तेव्हा लाकूड आकसते आणि पावसाळ्यात तेच फुगते. म्हणून नवी पट्टी त्याच खोलीत दोन-तीन दिवस आडवी ठेवून मगच कापावी. भिंतीचा कोपरा नेमका 90 अंशांचा क्वचितच असतो, त्यामुळे आतल्या कोपऱ्यात दोन्ही पट्ट्या तिरक्या कापून जोडल्यास उन्हाळ्यात फट उघडते. त्यापेक्षा एक पट्टी सरळ भिंतीला भिडवावी आणि दुसरीचे टोक 45 अंशांत कापून, उघड्या पडलेल्या नक्षीच्या कडेने बारीक करवतीने कोरून, पहिलीवर बसवावे. बाहेरच्या कोपऱ्याला मात्र तिरका सांधाच शोभतो.

विटेच्या भिंतीत नुसता खिळा फार काळ धरत नाही. भोक पाडून गिट्टी, म्हणजे स्क्रू घट्ट धरणारी खुंटी, ठोकावी आणि स्क्रू आवळावा. स्विचबोर्डाच्या सरळ रेषेत ड्रिल चालवू नये.