वादळ समुद्रावर आहे आणि आमची वस्ती खूप आत, तर आम्ही तयारी कशाची करायची?

तुम्ही लिहिलंय की वस्ती किनाऱ्यापासून 250 किलोमीटर आत, डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याच्या काठाला आहे. वादळ तीन दिवसांवर आलंय आणि बैठकीत बरेच जण म्हणाले, "इथवर येईस्तोवर त्याचा जोर संपलेला असतो." पूर आणि दरडींच्या तयारीसाठी वस्त्यांमधून बैठका घेणं हे माझं कित्येक वर्षांचं काम आहे. हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक बैठकीत ऐकलंय आणि दर वेळी मला त्याची धास्ती वाटते.

जोर संपतो तो वाऱ्याचा. समुद्राच्या कोमट पाण्यावर वादळ पोसलं जातं, जमिनीवर आलं की ती रसद तुटते. पण आणलेलं बाष्प त्याच्या पोटात तसंच असतं. डोंगर आडवा आला की ती दमट हवा वर चढते, गार होते आणि सगळं पाणी तिथंच ओतते. बातम्यांत सांगतात ती वादळाची श्रेणी फक्त वाऱ्याच्या वेगावरून ठरवलेली असते, पावसाबद्दल ती काहीच सांगत नाही. रेंगाळणारं अशक्त वादळ झपाट्यानं निघून जाणाऱ्या बलाढ्य वादळापेक्षा जास्त पाऊस पाडू शकतं.

1969 साली कॅमिल हे वादळ अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर धडकलं. दोन दिवसांनी, ते विरल्यातच जमा आहे असं वाटत असताना, आत व्हर्जिनियातल्या नेल्सन काउंटीच्या डोंगरांवर एका रात्रीत, आठेक तासांत, सुमारे 690 मिलिमीटर पाऊस पडला. शंभराहून जास्त माणसं गेली, पाणी आलं तेव्हा बरेच जण झोपेत होते. 2024 च्या सप्टेंबरात अमेरिकेतच हेलीन वादळानंही तेच केलं. ते जिथं किनाऱ्याला धडकलं तिथून 500 किलोमीटरहून दूर असलेलं डोंगरातलं अ‍ॅशव्हिल शहर पाण्यानं उद्ध्वस्त झालं. तिथं आधीच्या दिवसांच्या पावसानं जमीन भिजून चिंब झाली होती, मुख्य वादळाचं पाणी मुरायला जागाच उरली नव्हती. म्हणून तुमच्याकडे गेल्या आठवड्यात पाऊस झाला असेल तर धोका एक पायरी वर धरा.

हिशोब एकदा करून बघा. एक चौरस किलोमीटर उतारावर 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 कोटी लिटर पाणी. तुमच्या ओढ्याला असे किती चौरस किलोमीटर उतार मिळतात?

आजच करायचं काम म्हणजे उजेडात ओढ्याच्या कडेनं वरपर्यंत चालत जाणं. सोबत दोन म्हातारी माणसं घ्या, पूर्वी पाणी कुठवर आलं होतं ते त्यांनाच ठाऊक असतं. रस्त्याखालच्या प्रत्येक मोरीशी थांबा. अशाच एका फेरीत मला माणूस वाकून आत जाईल एवढी मोरी दिसली होती, पण तिचं उघडं तोंड उरलं होतं जेमतेम हातभर. फांद्या, रिकामी पोती आणि त्यांत पाणी पिऊन फुगलेली एक गादी. पोरांनी दोर बांधून ती ओढली, तेव्हा मागं तुंबलेलं पाणी घशातून उतरावं तसा आवाज करत निघून गेलं. काढलेला कचरा मात्र काठावर टाकू नका, दूर न्या, नाहीतर पहिल्याच लोंढ्यात तो परत मोरीत जातो.

येताना पुलाच्या खांबावर रंगानं दोन पट्टे ओढा. खालच्या पट्ट्याला पाणी लागलं की लहान मुलं, आजारी माणसं आणि म्हातारे उंचावर जायला निघतील. वरच्या पट्ट्याला लागलं की सगळेच. खालचा पट्टा मुद्दाम बराच खाली ओढा, आणि अंधार पडायच्या आत मुसळधार पावसाचा इशारा असेल तर पट्ट्याचीही वाट बघू नका. हे आज सगळ्यांसमोर ठरवा. रात्री दोन वाजता भिजत उभं राहून "निघायचं का?" यावर चर्चा होत नाही, भांडणं होतात.

त्याच बैठकीत एक वही करा. कोण अंथरुणाला खिळलंय, कुणाला डायलिसिस लागतं, कुणाचे दिवस भरत आलेत, कुणाला ऐकू येत नाही. प्रत्येक नावापुढं दार वाजवणाऱ्या माणसाचं नाव लिहा, आणि तो नसेल तर दुसऱ्याचं. भोंग्यावर विसंबू नका, पत्र्यावर पाऊस कोसळत असताना भोंगा ऐकू येत नाही. मोबाइलचे मनोरेही बंद पडतात, तेव्हा सेलवर चालणारा एक रेडिओ हवाच.

डोंगराकडच्या घरांना वेगळं सांगा. जमिनीला नवी भेग, कललेला खांब किंवा झाड, एकाएकी गढूळ झालेला ओढा ही दरडीची लक्षणं. सगळ्यांत वाईट म्हणजे पाऊस कोसळत असताना ओढा अचानक रोडावणं. वर कुठंतरी दरडीचा बांध पडून पाणी अडलंय आणि ते फुटणार आहे. तेव्हा ओढ्याच्या दिशेनं खाली पळायचं नाही, आडवं आणि उंचावर जायचं.

वाहत्या पाण्यातून गाडी घालू नका. 15 सेंटिमीटर वेगवान पाणी धडधाकट माणसाला पाडतं, 60 सेंटिमीटरमध्ये बहुतेक गाड्या वाहून जातात.

माणशी रोज चार लिटर धरून किमान आठवड्याचं पिण्याचं पाणी भरा. अ‍ॅशव्हिलला नळाचं पाणी पुन्हा पिण्याजोगं व्हायला 53 दिवस लागले. जनरेटर घरात किंवा ओसरीत चालवू नका, त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो. जनावरांची दावी आधीच सोडा. पाऊस थांबला म्हणून लगेच घरी परतू नका, मोठ्या नदीचा फुगवटा कधीकधी ऊन पडल्यावर येतो.

वरच्या अंगाला धरण किंवा मोठा तलाव आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर पाणी सोडताना कळवणार कोण, कुणाला, आणि फोन लागला नाही तर कसं, हे तिथल्या माणसाला आज प्रत्यक्ष भेटून ठरवा. मग इथं कळवा, त्याप्रमाणे पट्टे कुठं ओढायचे ते पुन्हा बघू.