ऑलिव्ह ग्रीन हॉलला दिला तर खोली अंधारी वाटेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की शेड कार्डवरचा एक मळकट, दबका ऑलिव्ह ग्रीन मनात भरलाय, तो हॉलला द्यायचाय, पण घरातले म्हणतायत खोली अंधारी होईल, आणि समजा दिलाच तर पडदे, सोफा, छत यांचं काय करायचं. मी हा रंग घरात दोनदा दिलाय, एकदा फसून आणि एकदा नीट, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

द्या, बिनधास्त द्या. फक्त रंगाचा डबा आणायच्या आधी घरातले बल्ब बदलायची तयारी ठेवा. ऐकायला उलटं वाटेल पण खरी गोम तिथेच आहे.

कारण ऑलिव्ह हा धड हिरवा नाहीच. तो पिवळा आहे, काळा मिसळून खाली ओढलेला पिवळा. मला हे दुसऱ्या वेळी कळलं, दुकानात मशीनवर रंग बनवून घेताना. कोड टाकल्यावर डब्यात आधी मातकट पिवळ्याची धार पडायला लागली, ती थांबेचना, मग काळा, मग तपकिरी-लालचे दोन ठिपके, आणि हिरव्याचा सगळ्यात शेवटी जेमतेम एक थेंब. मी म्हटलं अहो दादा कोड चुकला वाटतं, तर तो नुसता हसला, झाकण ठोकून डबा त्या हलवायच्या मशीनमध्ये टाकला आणि दोन मिनिटांनी उघडून दाखवला तर आत बरोब्बर कार्डवरचा ऑलिव्ह. विश्वास बसत नसेल तर मुलांच्या रंगपेटीतला पिवळा घ्या आणि त्यात काळा अगदी सुईच्या टोकाएवढा मिसळत जा, हिरव्याला हात न लावता शेवाळी रंग तयार होतो. कॉम्प्युटरवर पण तेच, तिथे प्रत्येक मूळ रंगाचा आकडा ० ते २५५ असतो, भडक पिवळा म्हणजे लाल २५५, हिरवा २५५, निळा ०, आणि तेच आकडे निम्मे केले, १२८, १२८, ०, की त्याला ऑलिव्ह म्हणतात.

आता याचा भिंतीवर काय परिणाम होतो ते बघा. जो रंग पिवळा आणि हिरवा यांच्या मधल्या उंबरठ्यावर उभा आहे त्याला जरासा धक्का लागला तरी तो एका बाजूला पडतो, आणि हा धक्का देतो उजेड. बल्बच्या उजेडाची झाक केल्विन या आकड्यात मोजतात, कमी म्हणजे पिवळसर, जास्त म्हणजे निळसर पांढरा. २७०० केल्विनचा पिवळसर बल्ब लावला की भिंत खाकी, कधीकधी चक्क तपकिरी दिसते. ६५०० केल्विनचा पांढराशुभ्र, निळसर झाक असलेला लावला की त्यातला पिवळा मरतो आणि उरतो तो राखाडी-हिरवा, ओल आल्यासारखा. माझं पहिल्या वेळी नेमकं हेच झालं. कार्डवर बघितला, आवडला, चारही भिंतींना देऊन मोकळी झाले, आणि हॉलमध्ये आधीपासून होते ते पांढरे ट्यूबसारखे एलईडी तसेच. दिवसा ठीक होतं. पहिल्या संध्याकाळी लाइट लावले आणि सासूबाई दारातच थबकल्या, म्हणाल्या, "अगं, भिंतीला शेवाळ धरलंय का?" त्यांना टोमणा मारायचा नव्हता हो, खरंच वाटलं त्यांना. आठ महिने कसेबसे काढले आणि मग सगळं परत क्रीम करून टाकलं, दोन्ही वेळचे पैसे पाण्यात.

पुढची गंमत म्हणजे पेंटरने तेव्हा मोठं कपाट न हलवता आजूबाजूने रंग मारून घेतला होता. वर्षभराने साफसफाईला कपाट पुढे ओढलं तर मागे जुन्या ऑलिव्हचा कपाटाएवढा चौकोन तसाच. योगायोगाने त्याच आठवड्यात तिथला एक लाइट गेला होता आणि नवऱ्याने घरात पडलेला एक पिवळसर बल्ब तात्पुरता लावला होता. तो चौकोन असा काही सुंदर दिसत होता की आम्ही दोघं झाडू हातात घेऊन बघत उभे. तोच रंग, तीच भिंत, फक्त बल्ब वेगळा! त्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला म्हणा.

तर बल्ब घेताना दोन आकडे बघा. एक केल्विन, ३००० ते ४००० च्या मध्ये ठेवा, मला ३००० आवडतो पण ज्यांना खाकीपणा नको त्यांनी ४०००. दुसरा सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप, कमाल १००. साधे एलईडी बहुतेक ८० च्या आसपास असतात, ९० च्या वरचे थोडे महाग पडतात पण अशा मिश्र, दबक्या रंगांना त्यांचा खरंच फायदा होतो. आणि एका खोलीत दोन जातीचे बल्ब नकोत, एकाच भिंतीचे दोन रंग दिसतील.

आता अंधाराचं. घरातले अगदी चूक नाहीयेत. बऱ्याच कंपन्यांच्या शेड कार्डच्या मागे किंवा साइटवर प्रत्येक रंगापुढे एलआरव्ही नावाचा आकडा असतो, पडलेल्या उजेडापैकी किती परत फेकला जातो ते सांगणारा, ० म्हणजे ठार काळा आणि १०० म्हणजे पूर्ण पांढरा. नेहमीचे पांढरे ८० च्या वर असतात, दबके ऑलिव्ह साधारण १५ ते ३५ मध्ये. म्हणजे २० वाला घेतलात तर भिंत पाच हिश्श्यांतला एकच हिस्सा उजेड परत देणार, बाकी गिळणार. हॉल दिवसभर वापरात असेल आणि खिडकी एकच असेल तर ३० च्या खाली जाऊ नका असं माझं मत. उलट जिथे फक्त संध्याकाळी बसणं होतं, किंवा पॅसेज, झोपायची खोली, तिथे २० सुद्धा मस्त वाटतो, गडद रंगात खोली गुरफटून घेते आपल्याला. छोटी खोली म्हणून गडद नको हा नियम मी तरी आता मानत नाही. छोटी आणि अंधारी खोली पांढरी केली म्हणून फारशी उजळत नाही, ती बहुतेक राखाडीच दिसते.

आणखी एक गोष्ट कार्डवर कधीच कळत नाही, चारही भिंती एकाच रंगाच्या असल्या की त्या एकमेकींवर रंग फेकतात, त्यामुळे तोच रंग खोलीत गेल्यावर कार्डापेक्षा गडद आणि जास्त चढलेला दिसतो. म्हणून चारही भिंती करणार असाल तर आवडलेल्या शेडपेक्षा एक पायरी फिका घ्या. दोनच करणार असाल तर कुठल्या, तर ज्या भिंतीवर खिडकीचा उजेड येऊन पडतो त्या, म्हणजे समोरची किंवा बाजूची. खिडकी ज्या भिंतीत आहे ती मुळातच सगळ्यात काळोखी दिसते कारण उजेड तिच्या मागून येतो, तिथे ऑलिव्ह दिला तर खिडकी डोळ्यात खुपते आणि भिंत काळी पडते. एकच भिंत रंगवून बाकी तीन पांढऱ्या सोडणं मला स्वतःला आवडत नाही, चिकटवल्यासारखी वाटते ती, पण बघा तुमचं.

खिडकीची दिशा पण महत्त्वाची. पृथ्वीच्या उत्तर अर्ध्या भागात राहत असाल तर उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन जवळजवळ येत नाही, आभाळाचा निळसर उजेड येतो, त्यात ऑलिव्ह गार आणि राखाडी पडतो, त्यामुळे तिथे जास्त पिवळ्या अंगाचा ऑलिव्ह निवडा. दक्षिण अर्ध्या भागात हेच उलटं, दक्षिणेच्या खिडकीला. पश्चिमेच्या खिडकीची खोली असेल तर दुपारनंतर भिंत सोन्यासारखी होते, तिथे थोडा राखाडीकडे झुकणारा चालतो.

आणि हे सगळं वाचून ठरवू नका, नमुना करा. भिंतीवर ठिपके मारू नका, जुन्या रंगाच्या शेजारी ते धड कळत नाहीत. जाड कार्डशीट घ्या, दोन बाय दोन फुटांचं तरी, कडेने दोन बोटं पांढरी पट्टी सोडा आणि नमुन्याच्या छोट्या डब्यातून दोन हात द्या. पूर्ण वाळू द्या, इमल्शन ओलं असताना फिकं दिसतं आणि वाळल्यावर गडद होतं, यात पुष्कळ लोक घाबरून किंवा फसून जातात. मग ते कार्ड दोन-तीन दिवस खोलीभर फिरवा, सकाळी, दुपारी, रात्री लाइट लावून, सोफ्याच्या मागे उभं करून, कोपऱ्यात ठेवून. मी तीन शेड केले होते, त्यातला कार्डवर सगळ्यात देखणा दिसणारा रात्री चिखल दिसला आणि ज्याला आम्ही उगाच घेतला होता तोच शेवटी भिंतीवर गेला.

शेजारच्या रंगांबद्दल एक जुनी गोष्ट सांगते. फ्रान्समध्ये शेव्ह्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता, १८२४ मध्ये गोब्लँच्या सरकारी विणकामशाळेत रंगाई बघायला लागला, तिथे तक्रार आली की काळा धागा फिका, निर्जीव दिसतो. त्याने तपासलं तर काळा रंग उत्तम होता, त्याला मारत होते ते शेजारी विणलेले रंग. मग १८३९ मध्ये त्याने शेजारचे रंग एकमेकांना कसे बदलतात यावर सगळं सविस्तर मांडलं. ऑलिव्हला हे फार लागू पडतं. निळसर झाक असलेल्या कडक पांढऱ्याशेजारी तो मळलेला दिसतो, तोच क्रीम किंवा हस्तिदंती पांढऱ्याशेजारी श्रीमंत दिसतो, म्हणून छत आणि चौकटी थोड्या पिवळसर पांढऱ्यात करा. पोपटी उशी ठेवलीत की भिंत तपकिरी वाटणार, विटकरी किंवा गंजाच्या रंगाची ठेवलीत की भिंतीतला हिरवा वर येणार.

त्यामुळे पडदे आणि सोफा विटकरी, गंज, मातकट गुलाबी, चामड्याचा तपकिरी या घराण्यातला घ्या, सगळं नको, एक-दोन जागी. गुलाबी ऐकून नाक मुरडू नका. ऑलिव्हसारखाच दबका हिरवा देणारी एक माती निसर्गात मिळते, इटलीतले जुने चित्रकार चेहरा रंगवताना आधी त्याच हिरव्या मातीचा थर देत आणि वर गुलाबी चढवत, कातडी जिवंत दिसावी म्हणून. आज काही जुन्या चित्रांतले चेहरे हिरवट दिसतात ते वरचा गुलाबी झिजल्यामुळे. म्हणजे ही जोडी काही आजच्या फॅशनची नाही. मोहरीचा पिवळा मात्र मी टाळेन, तो ऑलिव्हचा इतका सख्खा भाऊ आहे की दोघं एकमेकांत विरघळतात. लाकूड लालसर किंवा मधाच्या रंगाचं असेल तर सोन्याहून पिवळं, राखाडी लाकूड आणि ऑलिव्ह एकत्र आले की खोली आजारी वाटते. हँडल, दिवे पितळी छान, चकचकीत स्टील थोडं थंड पडतं. आणि आरसा मात्र ऑलिव्ह भिंतीच्या समोर नको, भिंतीचा हिरवा उजेड तोंडावर पडतो आणि आपणच आजारी दिसतो.

कामाचं भराभर सांगते. भिंतीला ओल असेल तर आधी ती बंद करा, नाहीतर गडद रंगावर लोणा पांढरा पांढरा उठून दिसतो, क्रीमवर झाकला जायचा तो इथे झाकला जात नाही. फिनिश मॅट घेतला तर भिंतीचे उंचवटे लपतात आणि रंग मखमली दिसतो, पण हात-खांदे घासले की तिथे चमकदार डाग पडतात, म्हणून मुलं असतील किंवा पॅसेज असेल तर लो शीन, म्हणजे अगदी किंचित चमक असलेला घ्या, ग्लॉसी नकोच, पुट्टीतली प्रत्येक चूक दिसेल. पांढऱ्या भिंतीवर थेट जाऊ नका, प्रायमर थोडा राखाडी टिंट करून घ्या, मग दोन हातांत भागतं नाहीतर तिसरा लागतो. एकाहून जास्त डबे असतील तर सगळे एका मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मगच सुरू करा, डब्या-डब्यात किंचित फरक असतो आणि ऑलिव्हमध्ये तो लगेच पकडला जातो. एक भिंत एका दमात संपवायला सांगा, मध्ये थांबला तर रोलरचा पट्टा दिसतो. डब्याच्या झाकणावर मिश्रणाचं स्टिकर असतं त्याचा फोटो काढून ठेवा, आणि उरलेला रंग घट्ट झाकणाच्या बरणीत, टचअपला लागतोच.

तुमच्या हॉलची खिडकी कुठल्या दिशेला आहे आणि फरशी कुठल्या रंगाची ते लिहिलं नाहीये तुम्ही. फरशी थंड राखाडी असेल तर माझं वरचं थोडं बदलेल, मोठा उबदार रंगाचा गालिचा आधी लागेल आणि मग भिंत. तेवढं कळवा, मग कुठल्या अंगाचा ऑलिव्ह घ्यायचा ते सांगता येईल.