अभयारण्य गावाच्या ताब्यात घेता येईल का?

प्रश्न : आमच्या गावाची शीव जंगलाला लागून आहे. रविवारी शहरातून गाड्या येतात. प्रवेशाची पावती वनखातं फाडतं, प्लॅस्टिक मात्र आमच्या ओढ्यात येतं. ढोरं आत गेली की गुराख्याला दम, आणि डुकरं-हरणं आमच्या वावरात आली की 'अर्ज करा'. ग्रामसभेचा ठराव घेऊन या राष्ट्रीय उद्यानाचा कारभार ग्रामपंचायतीकडे घेता येईल का?
– एक सरपंच, मराठवाडा (गावाचं नाव छापू नये)

उत्तर : सरपंचताई, नाही घेता येणार. पण एवढ्यावर मासिक मिटवून ठेवू नका.

आधी नाव दुरुस्त करू. मराठवाड्यात राष्ट्रीय उद्यान एकही नाही. गौताळा, नायगावचं मयूर, येडशीचं रामलिंग, जायकवाडी ही सगळी अभयारण्यं. हा फरक तुमच्या दावणीपर्यंत येतो. राष्ट्रीय उद्यानात चराईला मनाईच आहे. अभयारण्यात ती किती, कुठं, की अजिबात नाही, हे मुख्य वन्यजीव रक्षक ठरवतात. म्हणजे बोलायला जागा आहे. लस टोचल्याशिवाय मात्र ढोर आत नेता येत नाही. आणि अभयारण्याच्या ५ किलोमीटरच्या आतली जनावरं टोचून घेण्याची जबाबदारी कायद्यानं त्याच मुख्य वन्यजीव रक्षकांवर टाकली आहे, कलम ३३अ. मी वनरक्षक असताना गुराख्यांशी रोज भांडलो. हे कलम त्यांना ठाऊक नव्हतं, खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. तेव्हा लसीकरणाचं शिबिर गावात मागा, लेखी मागा.

आता कारभार. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ३३ तो मुख्य वन्यजीव रक्षकांकडे देतं. तुमच्या ठरावानं ते बदलत नाही, जिल्हा परिषदेच्याही नाही. मात्र त्याच कायद्यात ३३ब आहे. अभयारण्याची सल्लागार समिती असते, तीत स्थानिक आमदार असतो आणि पंचायतराज संस्थांचे तिघं प्रतिनिधी असतात. तुमच्या अभयारण्याच्या समितीवर ते तिघं कोण आहेत, शेवटची बैठक कधी झाली, इतिवृत्त कुठं आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारा. सल्ल्यालाच काय चाटायचंय, असं म्हणाल. पण पाणवठे, कचरा, गाड्यांची गर्दी, वावरातलं नुकसान हे सगळं तिथंच मांडायचं असतं. २०२२च्या दुरुस्तीनंतर कारभार व्यवस्थापन आराखड्याप्रमाणे चालवायचा आहे, आणि वनहक्क कायदा लागू होतो तिथं तो आराखडा ग्रामसभेशी सल्लामसलत करून करायचा आहे. आराखडा मागून घ्या. जाडजूड असतो, पण नकाशा आणि पाण्याचं पान तरी वाचाच.

पाण्यावरून एक आठवलं. एका उन्हाळ्यात माझ्या बीटमधला, म्हणजे मी सांभाळायचो त्या वनभागातला, सिमेंटचा बशीसारखा पाणवठा कोरडा ठाक पडला. तळाला वाळलेलं शेवाळ, त्याचे पोपडे उचलून लांडोरी खालचा ओलावा टिपायच्या. शेजारच्या गावचे सरपंच, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, दर गुरुवारी गावचा टँकर आत पाठवू लागले. ठराव नाही, पत्र नाही. वर्षाअखेरीस लेखापरीक्षणात शेरा आला : लाभार्थी कोण? ग्रामसेवकानं बिचाऱ्यानं प्रामाणिकपणे लिहिलं, 'मोर, हरीण इत्यादी'. त्या 'इत्यादी'वर आण्णांना दोन वर्षं खुलासे द्यावे लागले. हाच टँकर समितीच्या इतिवृत्तात आला असता, तर खुलाशाचा प्रश्नच नव्हता.

आणि स्वतःचा कारभार हवाच असेल, तर अभयारण्याच्या कुंपणाबाहेर बघा. खासगी किंवा सामुदायिक जमीन मालकांनी आपणहून वन्यजीवांसाठी राखायची ठरवली, तर शासन तिला 'समुदाय राखीव' जाहीर करू शकतं. जमीन सामुदायिक असेल तर तिच्या व्यवस्थापन समितीवर गावचे किमान पाच जण पंचायत नेमते, वनखात्याचा एकच माणूस. पाचास एक! जमीन सरकारची आणि अभयारण्याला लागून असेल तर 'संवर्धन राखीव'. त्याच्या समितीत हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एकेक प्रतिनिधी असतो. गायरानाचा सातबारा आधी काढा. त्यावर नाव कुणाचं आहे, त्यावरून कुठल्या दारानं जायचं ते ठरेल. मात्र एकदा समुदाय राखीव जाहीर झालं की शासनाच्या मंजुरीशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही, हे ग्रामसभेत आधीच सांगा. नंतर कुणी प्लॉट पाडायला निघालं की बोल तुम्हालाच लागेल.

प्लॅस्टिकसाठी तर वनखात्याच्या परवानगीची गरज नाही. ओढा गावच्या हद्दीत असेल तर शिवेवर पाटी, पिंप आणि दंडाची पावती ग्रामपंचायतीची. पावती फाडायची हौस तिथं भागवा.

ठरावाचा मसुदा मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, तपासून देतो. फक्त 'ताब्यात घेणे' हे शब्द त्यात नकोत. ते दिसले की साहेब पुढचं वाचत नाहीत. मीही साहेब होतो तेव्हा वाचत नव्हतो.