जीएसटी नंबर नाही, कारखान्याला पक्कं बिल हवंय: काय करायचं?

तुमचे प्रश्न दोन. इंदूरच्या सांवेर रोडचा कारखाना वायरिंगच्या कामाचं पक्कं बिल मागतोय आणि तुमच्याकडे जीएसटी नंबर नाही. दुसरं म्हणजे, विजयनगरच्या बंगल्यातल्या जास्तीच्या पॉइंटांचे (दिवा, सॉकेट, एसीसाठी काढलेल्या जोडण्यांचे) पैसे अडकलेत. पहिल्याचा लोक उगाच बाऊ करतात. खरी गोम दुसऱ्यात आहे.

वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर आपल्यासारख्या सेवा देणाऱ्याला नोंदणी सक्तीची नाही. साधं छापील बिल चालतं: नाव-पत्ता, पॅन, बिल क्रमांक, तारीख, कामाचा तपशील, रक्कम, बँक खातं. क्रमांक ओळीने ठेवा, १ एप्रिलला नव्याने सुरू करा. जीएसटीची ओळ मात्र चुकूनही घालू नका, नंबर नसताना कर लावणं बेकायदा आहे. ‘माझ्या फर्मचं बिल फाडून देतो’ म्हणणारे भेटतीलच, त्यांना लांबूनच नमस्कार.

वायर, एमसीबी (आपोआप बंद होणारा सुरक्षा-स्विच), डीबी (ते बसवायची पेटी) वगैरे सामान शक्यतो मालकाच्याच नावे घ्यायला लावा. महाराणी रोडच्या दुकानांत तुम्ही सोबत जा, निवडून द्या, पण बिल त्याचं. नाहीतर सामानाची रक्कमही तुमच्या उलाढालीत धरली जाते आणि २० लाख बघता बघता होतात. दुकानदाराकडचं कमिशन जाईल, ते लेबरच्या दरात उघड धरा.

पैसे बँकेतूनच येतील, कारण एका दिवसात १० हजारांच्या वर रोख दिली तर मालकाला ती खर्चात दाखवता येत नाही. एक बिल ३० हजारांच्या किंवा वर्षाची बिलं मिळून १ लाखाच्या वर गेली, तर १ टक्का टीडीएस, म्हणजे तुमच्या नावे आगाऊ आयकर, कापतील. पॅन दिला नाही तर थेट २० टक्के. कापलेले पैसे तुमचेच आहेत, आयकर खात्याच्या वेबसाइटवर तुमच्या पॅनवर जमा दिसतात का तेवढं बघा.

आता बंगला. कोटेशन पॉइंटाच्या दराने दिलं, मग घरातलं प्रत्येक माणूस येता-जाता ‘इथे एक सॉकेट काढा ना भैया’ म्हणत गेलं आणि बिल बघून मालक म्हणतो, हे कधी ठरलं? प्लास्टर झाल्यावर भिंतीतला पाइप मोजणार कोण! म्हणून पाइपासाठी भिंतीत झिरी पाडली की त्याच दिवशी फोटो काढायचा आणि मालकाला व्हॉट्सॲपवर एक ओळ टाकायची: ‘वरची बाल्कनी, २ लाइट पॉइंट, १ एसी पॉइंट जास्त, दर ठरल्याप्रमाणे.’ त्याचं नुसतं ‘ठीक’ आलं तरी पुरे. न आल्यास दुसऱ्या दिवशी तिथे वायर ओढायची नाही. वाईट वाटतं, पण बिलाच्या वेळच्या वादापेक्षा परवडतं. हप्तेही तसेच ठरवा: ॲडव्हान्स, पाइप टाकून झाल्यावर, वायर ओढल्यावर. स्विच बसवण्याआधी थोडीच रक्कम बाकी उरावी.

सध्याच्या वादात मालकाला समोर घेऊन खोलीवार पॉइंट मोजा, कागदावर दोघांच्या सह्या करा, मगच बिल द्या. एकरकमी ‘एक्स्ट्रा काम’ लिहिलंत तर घासाघीस होणारच.

कारखान्याचं काम हातात घेण्याआधी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून टाका, ती फुकट आहे, आधारवर होते. त्याचा क्रमांक बिलावर छापा. मग कारखान्याला लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. २०२३-२४ पासून ही मुदत चुकली, तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत मालकाला तो खर्च करासाठी धरता येत नाही. मार्चमध्ये त्याचा सीए स्वतःहून तुमचं बिल शोधेल.