लाइन मोठी, तरी आवाज का तुटतो?

प्रश्न : ऑफिसात १०० एमबीपीएसची लाइन आहे, माणसं जेमतेम वीस. तरी दुपारनंतर इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनवर आवाज तुटतो. २०० ची लाइन घेऊ का?

उत्तर : आधी हिशेब करू. जी.७११ कोडेकवर (आवाजाचा डेटा करण्याची एक पद्धत) फोन साधारणपणे दर २० मिलिसेकंदांनी एक पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, सोडतो : १६० बाइट आवाज आणि ४० बाइट पत्ता-बित्ता. एका कॉलला एका दिशेने झाले ८० केबीपीएस. इथरनेटचा वरखर्च धरला तर किंचित जास्त. वीसच्या वीस जण एकदम बोलले तरी दोन एमबीपीएसही होत नाहीत. आवाजाला जागा थोडकी लागते, पण वेळ पाळावी लागते. उशिरा आलेलं पॅकेट फोन सरळ फेकून देतो.

मग दुपारी काय सुरू होतं? बहुतेकदा कुणाचा तरी क्लाउड बॅकअप. अपलोड भरतं (१०० हा आकडा बहुधा डाउनलोडचा असेल, अपलोडचा विचारून घ्या), मोठमोठी पॅकेटं रांग लावतात आणि आवाजाचं पॅकेट त्यांच्या मागे ताटकळतं. खात्री करायची तर एका खिडकीत पिंग (पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते दाखवणारी आज्ञा) चालू ठेवा आणि मोठी फाइल अपलोडला लावा. १५ मिलिसेकंदांचा पिंग ३०० वर गेला की चोर सापडला.

राउटरवर अपलोडची मर्यादा लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा पाच-दहा टक्के खाली बांधा. म्हणजे रांग मॉडेममध्ये न लागता तुमच्या राउटरमध्ये लागेल आणि तिथे आवाजाला पुढे काढता येईल. डीएससीपी ४६ हा त्यासाठी पॅकेटवर मारायचा शिक्का. खुल्या इंटरनेटवर तो सहसा कुणी जुमानत नाही, पण गर्दी तुमच्याच दारात असेल तर तेवढं पुरतं. २०० ची लाइन? बॅकअप तीही भरून टाकेल.

प्रश्न : आमच्या आठ शाखा एमपीएलएसवर (टेलिकॉम कंपनीच्या खासगी जाळ्यावर) आहेत. विक्रेता म्हणतो, ते काढा, एसडी-वॅन (अनेक लाइनी सॉफ्टवेअरने सांभाळणारी यंत्रणा) घ्या.

उत्तर : ही जोडी कुस्तीची नाहीच. एसडी-वॅन तुमच्या लाइनींच्या डोक्यावर बसतं. एमपीएलएसही त्याच्या हाताखालची एक लाइन होऊ शकते. एमपीएलएसचे जादा पैसे वेगाचे नसतात, विलंब, जिटर (विलंबातला चढउतार) आणि पॅकेटगळतीच्या लेखी हमीचे असतात. करार काढून ते आकडे शोधा. सापडले नाहीत, तर विक्रेत्याचं ऐकायला हरकत नाही.

एसडी-वॅन लाइनी सतत मोजतं आणि एक बिघडली की कॉल दुसरीवर नेतं. मात्र दोन लाइनी खरोखर दोन हव्यात. दोन कंपन्यांच्या दोन फायबर एकाच चरातून गेलेल्या मी पाहिल्या आहेत. जेसीबीला एकदाच खणावं लागलं. मी असतो तर दोन छोट्या शाखा आधी हलवल्या असत्या, फायबर आणि ४जीवर, आणि कॉल सेंटरला महिनाभर हात लावला नसता.

प्रश्न : पीआरआय (ऑफिसची जुनी डिजिटल फोनलाइन) काढून सिप ट्रंक (डेटा लाइनवरून चालणारी फोनसेवा) घेतला. कॉल छान, फॅक्स मात्र अर्ध्यात तुटतो.

उत्तर : हरवलेलं एखादं पॅकेट आपला कान सावरून घेतो, फॅक्सचा मोडेम नाही. दोन्ही टोकांना टी.३८ (डेटा लाइनवरून फॅक्स पाठवायची पद्धत) चालू आहे का विचारा. तोवर निदान जी.७११ ठेवा, आवाज दाबून पाठवणारा जी.७२९ नको. आणि जे विचारलं नाहीत तेही सांगतो : लिफ्टमधला फोन कुठे जोडलाय? तांब्याच्या साध्या लाइनला वीज एक्स्चेंजमधून मिळायची. आता राउटर आणि स्विच यूपीएसवर नसतील, तर दिवे गेल्यावर नेमका तोच फोन मुका होईल.

प्रश्न : खाणीच्या साइटवर फक्त उपग्रह पोचतो. व्हिडिओ मीटिंग जमेल?

उत्तर : कुठला उपग्रह? भूस्थिर (आकाशात एकाच जागी दिसणारा) असेल तर तो ३५,७८६ किलोमीटरवर. वर जाऊन खाली यायलाच सुमारे २४० मिलिसेकंद. आयटीयूची (संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संस्था) जी.११४ शिफारस एका दिशेला १५० पर्यंत ठीक मानते, ४०० च्या पुढे नको म्हणते. चित्र नीट दिसेल, पण दोघं एकदम बोलायला लागतील आणि एकदम गप्प होतील. साधारण ५५० किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहांची सेवा मिळत असेल तर तीच घ्या. नाहीतर मीटिंगमध्ये एकाने नाव घेऊन पाळी द्यायची, बाकीच्यांनी माइक बंद ठेवायचा.