स्टीम शॉवर बसवण्याआधी वाफ बाहेर जाण्याची वाट ठरवून ठेवा

घरात कोणाला ॲलर्जीचा त्रास आहे म्हणून स्टीम शॉवर बसवणार असाल, तर वाफ तयार करणाऱ्या जनरेटरच्या किमती विचारण्याआधी वाफ बाहेर कशी जाणार, हे पाहावे. वाफेने चोंदलेले नाक काही वेळ मोकळे होते, पण ॲलर्जी बरी होत नाही. दम्याच्या काही रुग्णांना तर गरम, दमट हवेने धाप लागते, त्यामुळे डॉक्टरांना आधी विचारावे.

मुंबईत पावसाळ्यात आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर असते आणि धुळीतले सूक्ष्म कीटक ५० टक्क्यांच्या वरच फोफावतात, म्हणून न्हाणीघरातली वाफ बेडरूममधल्या गाद्यांपर्यंत पोहोचली, तर ज्या त्रासासाठी खर्च केला तोच वाढेल. काचेचे दार छतापर्यंत बंद होणारे घ्यावे. एक्झॉस्ट पंखा डक्टमध्ये उघडणारा असावा आणि अंघोळीनंतर तो बराच वेळ चालू ठेवावा. फरशांमागे वाफरोधक थर हवाच, कारण साध्या वॉटरप्रूफिंगने पाणी अडते, वाफ मात्र भिंतीत मुरू शकते. छताला थोडा उतार द्यावा, म्हणजे थेंब अंगावर न पडता भिंतीवरून ओघळतात. फरशांच्या सांध्यांत इपॉक्सी ग्राउट भरावा. दाराखालच्या सिलिकॉनच्या पट्टीवर काळे ठिपके दिसले, की ती बुरशी असते. वरवर पुसत न बसता पट्टी बदलावी.

जनरेटरसाठी वेगळी वायरिंग, अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) लागतो. टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी जड असल्यास आत क्षार साचतात, तेव्हा ठरावीक काळाने सफाई करून घ्यावी. तोडफोडीआधी सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी.