शीर्षकाचा आकार आणि वजाचे चिन्ह

प्रश्न : आमच्या ग्रंथालयाचे संकेतस्थळ मी स्वतःच तयार करत आहे. मजकुराच्या बाजूंना मोकळी जागा राहावी म्हणून सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेत) गणित करणारे कॅल्क वापरून रुंदी ‘कॅल्क(१००%-४०पिक्सेल)’ अशी दिली, पण काहीच परिणाम होत नाही. शिवाय व्हीडब्ल्यू या पडद्याच्या रुंदीवर ठरणाऱ्या एककात दिलेले शीर्षक फोनवर बारीक आणि मोठ्या पडद्यावर अवाढव्य दिसते. काय करावे?
— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : आपले गणित बरोबर आहे, घोडे अडले आहे ते वजाच्या चिन्हापाशी. अधिक आणि वजा या चिन्हांच्या दोन्ही बाजूंना स्पेस नसेल, तर ब्राउझर ‘-४०पिक्सेल’ ही वेगळी ऋण संख्या धरतो, दोन संख्यांमध्ये क्रियाच नाही असे ठरवतो आणि ती अख्खी ओळ मुकाट्याने बाद करतो. गुणाकार-भागाकाराला हे बंधन नाही.

मी मात्र येथे ‘मिन(१००% - ४०पिक्सेल, ७२०पिक्सेल)’ असे लिहीन. मिन दिलेल्या किमतींपैकी सर्वांत लहान किंमत निवडते आणि यात वजाबाकीसाठी वेगळे कॅल्क लागत नाही. ३६० पिक्सेलच्या फोनवर रुंदी ३२० भरते आणि संगणकावर ती ७२०च्या पुढे जात नाही, म्हणजेच मिन वापरून कमाल मर्यादा घातली जाते. नावावरून ते किमान मर्यादा घालते असे वाटून नेमकी इथेच अनेकांची गफलत होते.

शीर्षकासाठी ‘क्लॅम्प(१.५रेम, १रेम + २व्हीडब्ल्यू, २.५रेम)’ वापरावे. पहिली किंमत किमान, शेवटची कमाल आणि मधली पडद्यानुसार बदलणारी असते. एक रेम म्हणजे सहसा १६ पिक्सेल, तर एक व्हीडब्ल्यू म्हणजे पडद्याच्या रुंदीचा शंभरावा भाग. त्यामुळे ४०० पिक्सेल रुंदीपर्यंत शीर्षक २४ पिक्सेलचे राहील, ८०० वर ३२ होईल आणि १२०० वर ४० होऊन तेथेच थांबेल. मधल्या किमतीतला ‘१रेम’ अनावश्यक समजून गाळू नये. नुसत्या व्हीडब्ल्यूमध्ये दिलेली अक्षरे ब्राउझरमध्ये झूम करूनही मोठी होत नाहीत, आणि ग्रंथालयाच्या ज्येष्ठ वाचकांना झूमची गरज हमखास पडणार.

साइन, कोसाइन, वर्गमूळ हीदेखील आता सीएसएसमध्ये आहेत, पण आपल्या पानाला त्यांचे काही काम दिसत नाही. त्यापेक्षा शीर्षकाच्या ओळींची उंची पाहा : इंग्रजी नमुन्यांतली १.१ (अक्षरांच्या आकाराच्या १.१ पट) जशीच्या तशी उचलली, तर दोन ओळींच्या शीर्षकात वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. देवनागरीला १.४ तरी द्यावी.